सार्वजनिक वस्तुसंग्रहालयाचे विश्वस्त कोणी नेमावेत ?

वस्तुसंग्रहालय जर लोकांच्या पैशावर चालते, तर त्याचा कारभार सरळ सरकारनेच का पाहू नये, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. आणि वरवर पाहता तो रास्तही वाटतो. रस्ते, धरणे, टपाल ही सारी लोकांच्याच पैशावर चालतात. त्यांचा कारभार खाती पाहतात, खात्यावर मंत्री असतो आणि मंत्र्याला सभागृहात जाब विचारता येतो. मग जुन्या मूर्ती, नाणी, पोथ्या आणि ताम्रपट यांच्यासाठीच एक निराळे मंडळ नेमावयाचे, त्याला विश्वस्त म्हणावयाचे आणि मंत्र्याला त्याच्या दारात थांबवून ठेवावयाचे, हा खटाटोप कशासाठी ?

याचे उत्तर वस्तूंच्या आयुष्यात आहे. धरणाचा हिशेब शंभर वर्षांचा असतो, मंत्रिमंडळाचा फार तर पाच वर्षांचा. पण संग्रहालयातला ताम्रपट हजार वर्षे टिकून आपल्यापर्यंत आलेला असतो आणि पुढची हजार वर्षे तो टिकावा अशी अपेक्षा असते. तो ज्यांच्या मालकीचा, त्या लोकांपैकी बहुसंख्य लोक अद्याप जन्मालाच आलेले नाहीत. त्यांना मत देता येत नाही आणि सभागृहात प्रश्नही विचारता येत नाही. त्यांच्या वतीने कोणीतरी वस्तू सांभाळली पाहिजे, आणि तो सांभाळणारा आजच्या गरजेला, आजच्या रागालोभाला बळी पडता कामा नये. ही जी गरज, तिच्यातून विश्वस्ताची कल्पना निघाली.

विश्वस्त हा शब्द आपल्याला परका नाही. देवस्थानच्या दागिन्यांची पेटी ज्या पंचांच्या ताब्यात असते, ते पंच त्या दागिन्यांचे धनी नसतात हे कोणत्याही खेड्यातल्या माणसाला समजते. किल्ली त्यांच्याकडे, पण नथ त्यांच्या सुनेच्या नाकात जाता कामा नये. १९५० साली मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा झाला, तेव्हापासून धर्मादाय आयुक्त हे नावही घरोघर माहीत झाले. तेव्हा विश्वस्त म्हणजे काय हे येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. खरा अवघड प्रश्न पुढचा आहे : हे पंच नेमावयाचे कोणी ? सरकारने नेमले, तर ते सरकारचे होतात. त्यांनी स्वतःच एकमेकांना नेमले, तर चारसहा घराण्यांची मिरासदारी होते. विद्वानांनी नेमले, तर पैशाचा हिशेब कोणाला कळत नाही. आणि देणगीदारांनी नेमले, तर ज्याने दिवाणखाना बांधून दिला तोच मूर्ती कशी धुवावी हे सांगू लागतो. यांपैकी एकही धोका काल्पनिक नाही. चारही प्रत्यक्षात घडून गेलेले आहेत, आणि तेही बव्हंशी एकाच संस्थेत. ती संस्था म्हणजे लंडनचे ब्रिटिश म्युझियम. हेच उदाहरण आम्ही विस्ताराने घेत आहोत, कारण त्याची पावणेतीनशे वर्षांची कागदपत्रे उपलब्ध आहेत. आणि दुसरे असे की, आपल्याकडच्या जुन्या संग्रहालयांचे कायदे इंग्रजी अंमलात झाले असल्यामुळे त्यांचे आणि ह्या संस्थेचे नाते जवळचे आहे.

हॅन्स स्लोन या नावाचा एक वैद्य ११ जानेवारी १७५३ रोजी वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी लंडनमध्ये वारला. त्याने आयुष्यभर वस्तू जमवल्या होत्या : वाळवलेली झाडे, किडे, नाणी, पदके, हस्तलिखिते, असे एकाहत्तर हजारांवर नग. त्यांपैकी काहींना लागलेला पैसा जमैकातील गुलामांच्या मळ्यांतून, पत्नीच्या वाट्याने आलेला होता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते म्हणून आताच नोंदून ठेवतो. मृत्युपत्रात त्याने असे लिहून ठेवले की, आपल्या मुलींना वीस हजार पौंड द्यावेत आणि हा सारा संग्रह राष्ट्रासाठी घ्यावा. राजाने किंवा पार्लमेंटने घेतला नाही, तर सेंट पीटर्सबर्ग, पॅरिस, बर्लिन आणि माद्रिद येथील विद्वत्संस्थांना तो देऊ करावा. म्हातारा व्यवहारी होता. फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही हे त्याला ठाऊक असावे. आणि परक्या देशाचे नाव घेतले की स्वदेशाभिमान लवकर जागा होतो, हेही.

पार्लमेंटने कायदा केला आणि ७ जून १७५३ रोजी त्याला राजाची मान्यता मिळाली. पण पैसा ? तो खजिन्यातून काढण्याची कोणाची तयारी नव्हती. तेव्हा सोडत काढण्यात आली. तीन पौंडांचे एक तिकीट, अशी एक लाख तिकिटे. जमलेल्या तीन लाखांपैकी दोन लाख बक्षिसांना, आणि खर्चवेच जाऊन सुमारे पंचाण्णव हजार पौंड संग्रहालयाला मिळाले. या सोडतीचे चालक कोण, तर कँटरबरीचा आर्चबिशप, लॉर्ड चॅन्सेलर आणि कॉमन्स सभेचा सभापती. धर्म, न्याय आणि लोकसभा अशा तिघांच्या साक्षीने चाललेल्या या सोडतीत व्हावयाचा तो घोटाळा झालाच. व्यवस्थेतल्या पीटर लेहूप नावाच्या इसमाने तिकिटे मोठ्या संख्येने आधीच अडवून चढ्या भावाने विकली. चौकशी झाली, त्याला एक हजार पौंड दंड झाला, आणि त्याने मिळवलेल्या नफ्याच्या मानाने तो किरकोळच होता असे सांगतात. मोठमोठी नावे वर लावली म्हणजे खालचा कारभार आपोआप शुद्ध राहतो, हा समज त्या संस्थेच्या जन्माच्या वेळीच खोटा ठरला होता. तरीही तो पुढची दीडदोनशे वर्षे टिकला, ही नवलाची गोष्ट आहे.

कारण विश्वस्त मंडळ बनवताना पुन्हा तीच तीन नावे घेण्यात आली. आर्चबिशप, चॅन्सेलर आणि सभापती हे तिघे प्रमुख विश्वस्त. नोकरवर्गाच्या नेमणुका त्यांच्या हाती. मुख्य ग्रंथपाल हा संस्थेचा प्रमुख अधिकारी. त्याच्यासाठी या तिघांनी दोन नावे सुचवायची आणि राजाने त्यांतले एक निवडायचे. त्यांच्या खालोखाल इतर पदसिद्ध विश्वस्त, म्हणजे विशिष्ट हुद्द्यावर असल्यामुळे आपोआप मंडळात येणारे. मग स्लोन, कॉटन आणि हार्ली या ज्या तीन घराण्यांचे संग्रह एकत्र करून संस्था उभी राहिली, त्या घराण्यांचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी. आणि शेवटी या सर्वांनी मिळून निवडलेले पंधरा. पुढे टाउनली, एल्गिन, नाइट अशा आणखी घराण्यांची त्यात भर पडली. संग्रह द्या किंवा विका, आणि वंशपरंपरेने विश्वस्त व्हा, असाच तो सौदा होता. आपल्याकडच्या वतनदारीची आठवण व्हावी असा हा प्रकार. आणि तो १९६३ पर्यंत चालू होता असे सांगितले तर अनेकांना खरे वाटणार नाही.

या मंडळाचा कारभार कसा होता ? माणसे वाईट नव्हती, पण ती जमत नसत. आर्चबिशपला धर्मपीठ होते, चॅन्सेलरला न्यायासन होते, सभापतीला सभागृह होते. निवडलेले पंधरा बहुधा उमराव किंवा बिशप. ज्या संस्थेत प्राणी, वनस्पती, खडक, नाणी, हस्तलिखिते यांचे संग्रह, तिच्या मंडळात त्या त्या विषयाचा जाणता माणूस शोधावा लागे. १८३५ व ३६ साली पार्लमेंटच्या समितीपुढे या गोष्टी निघाल्या. त्यानंतर १८४७ मध्ये शाही आयोग बसला. त्याच्यापुढे असे दिसून आले की, विश्वस्त चाळिसाच्या वर, सभांना येणारे मूठभर, दर खेपेला वेगवेगळे. त्यामुळे एका सभेत ठरलेले दुसऱ्या सभेत कोणाला माहीत नसे आणि खरी सत्ता चिटणिसाच्या टेबलावर जाऊन बसली होती. विभागप्रमुखांनी लेखी अहवाल पाठवावेत आणि ज्यांनी ते वाचावेत त्यांच्यासमोर त्यांना स्वतः उभे राहता येऊ नये, असा तो कारभार.

पदसिद्ध विश्वस्तांविषयी आमचे मत येथेच सांगून टाकतो. पदसिद्ध सभासद घेण्यामागचा हेतू चांगला असतो : तो माणूस कोणाच्या मर्जीने आलेला नसतो, त्यामुळे त्याच्यावर नेमणाऱ्याचे ओझे नसते. पण त्याची निवड त्याच्या मुख्य कामासाठी झालेली असते, संग्रहालयासाठी नव्हे. त्याला या कामाची आवड असली तर तो योगायोग. ज्या मंडळात असे सभासद अधिक, त्या मंडळात कोणाचीच मर्जी चालत नाही, आणि कोणाचे लक्षही नसते.

हे सारे १९६३ च्या कायद्याने मोडीत काढले. आर्चबिशप गेले, घराणी गेली. विश्वस्तांची संख्या जास्तीत जास्त पंचवीस ठरली, आणि या पंचवीस जणांसाठी एक नव्हे, चार दरवाजे ठेवण्यात आले. एक विश्वस्त राजा किंवा राणीने नेमावयाचा. पंधरा पंतप्रधानांनी. चार जण मंत्र्याने नेमावयाचे, पण नावे सुचवण्याचा अधिकार चार विद्वत्संस्थांचा : रॉयल सोसायटी, रॉयल अकॅडमी, ब्रिटिश अकॅडमी आणि पुरावस्तुसंशोधकांची जुनी संस्था सोसायटी ऑफ अँटिक्वरीज. म्हणजे विज्ञान, कला, मानव्यविद्या आणि पुरातत्त्व यांना मंडळात हक्काची जागा मिळाली. आणि उरलेले पाच विश्वस्त, विश्वस्तांनीच नेमावयाचे. अध्यक्ष त्यांनी आपल्यातून निवडावयाचा. संचालकाची नेमणूक विश्वस्तांनी करावयाची, मात्र पंतप्रधानांच्या मान्यतेने. कोणाही विश्वस्ताला पगार नाही.

हे गणित थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. पंचविसांतले पंधरा पंतप्रधानांचे, म्हणजे बहुमत सरकारचे. मग स्वायत्तता कसली, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर असे की, नेमण्याचा अधिकार वेगळा आणि आज्ञा करण्याचा अधिकार वेगळा. एकदा नेमल्यावर विश्वस्ताने कसे मत द्यावे हे पंतप्रधान सांगू शकत नाही. कायद्याने तसा हुकूम त्याला देता येत नाही. नेमणुकीची मुदत चारपाच वर्षांची आणि ती सर्वांची एकदम संपत नाही, म्हणून सरकार बदलले की मंडळ बदलले असे होत नाही. तरीही नेमणारा आपल्या पठडीतली माणसे आणू शकतो, हे खरेच. त्यासाठी १९९५ पासून तेथे सार्वजनिक नेमणुकांवर देखरेख करणारा एक स्वतंत्र आयुक्त आहे. जागेची जाहिरात द्यावी, निवडसमितीने अर्ज तपासावेत, नेमण्यास योग्य अशा व्यक्तींची यादी मंत्र्यापुढे ठेवावी, अशी पद्धत आहे. शेवटची निवड मंत्र्याची. पण दारातून आत कोण येतो हे त्याच्या एकट्याच्या हाती राहत नाही. दोन मुदतींपेक्षा किंवा दहा वर्षांपेक्षा अधिक काळ एकाच जागी कोणी राहू नये, असाही संकेत नियमावलीत घातलेला आहे.

आणि ते पाच ? कायदा करताना ही तरतूद मंडळातली उणीव भरून काढण्यासाठी असावी : हिशेबनीस नसेल तर हिशेबनीस घ्यावा, कायदेपंडित नसेल तर तो घ्यावा. पण २०२० साली तिचा निराळाच उपयोग दिसून आला. रोमन इतिहासाच्या ख्यातनाम अभ्यासक मेरी बिअर्ड यांचे नाव विश्वस्तपदासाठी पुढे आले होते. युरोपीय संघातून बाहेर पडण्याविरुद्धच्या त्यांच्या मतांमुळे पंतप्रधानांच्या कार्यालयाने ते अडवले, असे वृत्त त्या वर्षी प्रसिद्ध झाले. विश्वस्तांनी त्यावर पत्रके काढली नाहीत की राजीनामे दिले नाहीत. त्यांनी आपल्या पाच जागांपैकी एक मोकळी जागा घेतली आणि त्याच बाईंना तिच्यावर नेमले. १९६३ च्या कायद्यातील ती एक ओळ नसती, तर पुराणवस्तूंच्या संग्रहालयात प्राचीन इतिहासाच्या जाणकाराला जागा नाही, अशी स्थिती झाली असती.

ज्यांच्या कायद्यात ही ओळ नाही, त्यांचे काय होते हे पुढच्याच वर्षी दिसले. ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयाचे विश्वस्त पंतप्रधान नेमतात. तेथील एका विश्वस्ताची मुदत संपली. ते बांगलादेशी वंशाचे अध्यापक होते आणि मंडळाला ते आणखी एक मुदत हवे होते. सरकारने फेरनेमणूक नाकारली. अध्यक्ष सर चार्ल्स डनस्टन हे व्यापारात नाव मिळवलेले गृहस्थ. त्यांनी या गोष्टीवरून अध्यक्षपद सोडले. निषेध म्हणून हे मोठेच. पण नेमणूक काही झाली नाही. मंडळाजवळ राजीनाम्याखेरीज दुसरे साधन नव्हते.

या घटनांची पार्श्वभूमी अशी की, २०२० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये गुलामांच्या व्यापाराशी संबंध असलेल्यांचे पुतळे काढावेत की ठेवावेत यावर मोठे वादळ उठले होते. ब्रिटिश म्युझियमने आपल्या संस्थापकाचा, म्हणजे स्लोनचाच अर्धपुतळा चौथऱ्यावरून काढून, जमैकाच्या मळ्यांची माहिती देणाऱ्या मजकुरासह एका कपाटात ठेवला. त्यानंतर सप्टेंबरात खात्याच्या मंत्र्याने संग्रहालयांना पत्र पाठवून कळवले की, सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी अशा बाबतीत सरकारच्या भूमिकेशी सुसंगत वागावे. पुतळा कोठे ठेवावा याबद्दल वाचकांची मते वेगवेगळी असू शकतात, आमचीही एकमुखी नाहीत. पण पैसा देतो म्हणून प्रदर्शनाच्या कपाटात काय लिहावे हेही आम्ही सांगणार, हे म्हणणे विश्वस्त या कल्पनेच्या मुळावरच येते. आज ज्या सरकारचे मत आपल्याला पटते त्याच्या हाती ही काठी दिली, की उद्याच्या सरकारच्या हातीही ती राहणार, याचा विसर पडतो.

आता दुसरी बाजू. विश्वस्तांना सरकारपासून राखायचे, तर विश्वस्तांपासून वस्तू राखायच्या की नाही ? १९६३ च्या कायद्याने त्यांच्याही हातात बेड्या घातल्या आहेत. संग्रहातली वस्तू त्यांना विकता येत नाही, देऊन टाकता येत नाही. दुबार नग असेल, संग्रहालयात ठेवण्यास अयोग्य ठरलेली व अभ्यासकांना नुकसान न होता काढता येण्याजोगी वस्तू असेल, अशा थोड्याच बाबतींत सूट आहे. ही बेडी किती घट्ट आहे याची कसोटी एका करुण प्रकरणात लागली. ब्रुनो शहरातील डॉ. फेल्डमन यांचा चित्रसंग्रह १९३९ मध्ये गेस्टापोने लुटला. त्यातली चार जुनी रेखाचित्रे पुढे ब्रिटिश म्युझियमात आलेली आढळली. वारसांनी ती मागितली. विश्वस्तांची परत देण्याची तयारी होती. चोरीचा माल आहे हे त्यांनाही पटले होते. पण कायदा आड येतो का, हे ठरवण्यासाठी प्रकरण न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये निकाल लागला की, नैतिक कर्तव्य कितीही बळकट असले तरी त्याच्या आधारावर विश्वस्तांना कायद्याने घातलेली बंदी ओलांडता येणार नाही. वारसांना पुढे एक लाख पंचाहत्तर हजार पौंड भरपाई देण्याची शिफारस झाली; चित्रे राहिली. नाझी काळात गेलेल्या वस्तू परत देता याव्यात म्हणून २००९ साली पार्लमेंटला निराळा कायदा करावा लागला.

पार्थेनॉनच्या शिल्पांचा वाद याच जागी अडकलेला आहे. १८१६ मध्ये पस्तीस हजार पौंडांना ती शिल्पे एल्गिनकडून विकत घेऊन विश्वस्तांच्या स्वाधीन करण्यात आली. ग्रीसने मागितली की सरकार म्हणते, हा विश्वस्तांचा प्रश्न. विश्वस्त म्हणतात, कायदा आम्हांला परवानगी देत नाही. आणि कायदा बदलणे तर सरकारच्या हाती. दोघेही खरे बोलत असतात आणि शिल्पे जागच्या जागी असतात. विश्वस्तपद्धतीचा हा दुरुपयोग आहे असे आम्ही म्हणणार नाही, पण ती एक सोयीस्कर भिंत होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे. हीच शिल्पे १९३७-३८ मध्ये तांब्याच्या हत्यारांनी खरवडली गेली होती. नवे दालन बांधून देणारे धनिक लॉर्ड डुव्हीन यांच्या माणसांना संगमरवर अधिक पांढरा दिसायला हवा होता. विश्वस्तांनी आतल्या आत चौकशी केली आणि बाहेर फारसे काही कळू दिले नाही. तपशील जगासमोर यावयास साठ वर्षे लागली.

गुप्ततेची ही सवय अलीकडेही महाग पडली. २०२१ च्या प्रारंभी डेन्मार्कमधील एका पुराणवस्तूंच्या व्यापाऱ्याने संग्रहालयाला कळवले की, तुमच्या संग्रहातील कोरीव खडे बाजारात विक्रीस येत आहेत. काही महिन्यांनी त्याला उत्तर मिळाले की, सर्व वस्तू जागेवर आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये मात्र संग्रहालयालाच जाहीर करावे लागले की वस्तू नाहीशा झाल्या आहेत. गहाळ झालेल्या, चोरीस गेलेल्या किंवा मोडतोड झालेल्या वस्तूंचा आकडा सुमारे दोन हजार निघाला. संचालक हार्टविग फिशर यांनी पद सोडले. त्या वेळी विश्वस्तांचे अध्यक्ष होते जॉर्ज ऑस्बोर्न, देशाचे माजी अर्थमंत्री. मंडळात धनको होते, लेखक होते, प्राध्यापक होते. पण कपाटात काय आहे याची यादीच पुरी नाही, हा प्रश्न लावून धरलेला दिसत नव्हता. ऐंशी लाखांच्या आसपास वस्तू असलेल्या या संग्रहालयात सुमारे चोवीस लाख नोंदी नव्याने चढवायच्या किंवा सुधारायच्या आहेत, आणि ते काम पाच वर्षांत, एक कोटी पौंड खर्चून करावयाचे, असे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ठरले. विश्वस्ताचे पहिले कर्तव्य म्हणजे पेटी उघडून मोजदाद करणे. आपल्या देवस्थानांत ते वर्षातून एकदा तरी पंचांसमोर होते. नामवंत मंडळींना मोजदाद हे कारकुनी काम वाटते. नेमणुकीच्या वेळी कोणाचे नाव किती मोठे हे पाहणाऱ्यांनी, हा माणूस सभेत कंटाळवाणे प्रश्न विचारील काय, हेही पाहावयास हवे.

आपल्याकडे वळताना प्रथम कलकत्त्याचा विचार करावा लागतो. एशियाटिक सोसायटीने १८१४ मध्ये सुरू केलेल्या तेथील संग्रहालयाला १८६६ च्या कायद्याने विश्वस्त मिळाले. सध्याचा मूळ कायदा १९१० चा, पुढे दुरुस्त केलेला. राज्यपाल अध्यक्ष, शिवाय महापौर, विद्यापीठाचे कुलगुरू, केंद्र सरकारच्या खात्याचे सचिव ही पदसिद्ध मंडळी. सोबत सरकारने नेमलेले आणि एशियाटिक सोसायटीसारख्या संस्थेने पाठवलेले सभासद. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाचा १९६१ चा कायदाही राज्यपालांनाच अध्यक्ष करतो. म्हणजे विलायतेने १९६३ मध्ये टाकून दिलेला आर्चबिशप आपण राज्यपालाच्या रूपाने ठेवला आहे, असे थट्टेने म्हणता येईल. पण थट्टा बाजूला ठेवली तरी एक फरक उरतो : आपल्या या मंडळांना लंडनच्या विश्वस्तांसारखे, कोणाला न विचारता आपले पाच सभासद निवडण्याचे दार नाही. राज्यपालाला आणि महापौराला शंभर कामे असतात, सचिवाची बदली होते. २००४ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या संग्रहालयातून भरदिवसा बुद्धाचे एक मस्तक चोरीस गेले, तेव्हा जबाबदारी कोणाची यावर बरीच चर्चा झाली. विश्वस्त मंडळाचे नाव त्या चर्चेत क्वचितच ऐकू आले. मंडळ आहे याचा लोकांना पत्ता नसणे, ही त्याच्या रचनेवरची सर्वांत बोलकी टीका होय.

महाराष्ट्रात दोन्ही तऱ्हा सापडतात. पुण्याचे दिनकर केळकर यांनी आयुष्य वेचून जमवलेला आणि दिवंगत मुलाच्या, राजाच्या नावाने उभारलेला संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केला. मुंबईत भायखळ्याचे १८७२ साली उघडलेले संग्रहालय महानगरपालिकेचे. त्याची दुरवस्था झाल्यावर २००३ मध्ये पालिका, एक खाजगी प्रतिष्ठान आणि वारसा जतन करणारी संस्था यांनी मिळून करार केला, आणि २००८ मध्ये ते पुन्हा उघडले. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. पालिकेने मालकी न सोडता कारभारात इतरांना घेतले, हा प्रयोग लंडनच्या कायद्यापेक्षा निराळा, पण अभ्यासण्याजोगा आहे. त्यात पैसा देणारा आणि देखरेख करणारा यांच्यातली रेषा कोठे आखली आहे हे कराराच्या कलमांतच पाहावे लागते.

आणि तिसरे, आज छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव असलेले मुंबईचे मोठे वस्तुसंग्रहालय. त्याची कोनशिला नोव्हेंबर १९०५ मध्ये बसली. १९०९ मध्ये मुंबई इलाख्यात खास कायदा करून त्याच्यासाठी विश्वस्त व्यवस्था निर्माण करण्यात आली. इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, पण युद्ध आले आणि तिचे लष्करी इस्पितळ झाले. लोकांसाठी दारे उघडली ती १० जानेवारी १९२२ रोजी. सर रतन टाटा १९१८ मध्ये वारले. त्यांनी आपला चित्रांचा आणि कलावस्तूंचा संग्रह या संग्रहालयाला ठेवला होता आणि १९२१ मध्ये तो तेथे पोहोचला. त्या वेळी आत येणारा प्रेक्षक नव्हता, दालने लागलेली नव्हती. ज्यांच्या हाती वस्तू सोपवायच्या ते विश्वस्त मात्र कायद्याने बारा वर्षे आधीच उभे होते. सर दोराबजी टाटांचा संग्रहही १९३३ मध्ये त्याच हाती आला.